तंबूतली खरी मेख

तरडगावचा मुक्काम. लोणंद सोडून माउलींची पालखी निघालेली, चांदोबाच्या लिंबाजवळचं पहिलं उभं रिंगण अजून व्हायचं होतं, आणि इकडे पुढे आलेल्या एका दिंडीच्या ट्रकमधून राहुट्या उतरत होत्या. आभाळ भरून आलेलं. सहा-सात माणसं, त्यांत दोघं साठीच्या पुढची. एकानं पावलांनी जागा मोजली, दुसऱ्यानं कापड अंथरलं, तिसरा घण घेऊन कोपऱ्या-कोपऱ्याला लोखंडी मेखा ठोकत सुटला. "माउली, तणावा ओढा. जरा सैल सोडा. हां, बास." खांब सगळ्यात शेवटी आले. दोघं आत शिरले, उभे खांब आणि वरचा आडवा बांबू उचलला, आणि मघापर्यंत शेतात लोळत पडलेलं कापड ताठ उभं राहिलं. मी घड्याळ लावलं होतं. अकरा मिनिटं. त्यांतली सात-आठ मेखांत गेली. खांबांना दोनसुद्धा लागली नाहीत.

घड्याळ लावायला कारण होतं. आदल्या हिवाळ्यात आम्ही 'दोन मिनिटांत उभा' असं खोक्यावर छापलेला तंबू हौसेनं घेतला होता. सांगलीहून गाडी काढली, साताऱ्यावरून कास ओलांडून बामणोलीच्या बाजूला गेलो आणि ओळखीतल्या एका शेतात कोयनेच्या शिवसागर जलाशयाकडे तोंड करून तो उभा केला. खोकं खोटं बोललं नव्हतं. दोऱ्या ओढल्या, खट् खट् आवाज झाला, तंबू दोन मिनिटांत उभा. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग सोबत आलेल्या तारेच्या बारीक खुंट्या मुरमात ठोकायला लागलो, तर त्या जिलबीसारख्या वळायला लागल्या. चार कशाबशा गेल्या, बाकीचं 'राहू दे' म्हणून सोडलं. रात्री एकच्या सुमाराला डोंगरावरून वारा उतरला. तंबूची एक बाजू आत आली, आणि उरलेली रात्र मी आणि बायकोनं पाळीपाळीनं त्या बाजूला पाठ टेकून काढली. सकाळी घडी घालायला पाऊण तास लागला. घडी झाल्यावरही तंबू पिशवीत जाईना. शेवटी तो तसाच मागच्या सीटवर, मुलांच्या मांडीवर, सांगलीला आला.

तंबू घेताना आपण खांबांचा वेळ मोजतो. तंबू टिकतो मात्र मेखांवर. मराठीनं हे कधीच ओळखलेलं आहे. एखाद्या गोष्टीतली अडचण दाखवायची असली की आपण म्हणतो, 'खरी मेख इथेच आहे.' खांबात आहे असं कुणी म्हणत नाही.

आपल्याकडे झटपट उभारायच्या निवाऱ्याचं ज्ञान काही नवं नाही. पालखी सोहळ्याला आजचं शिस्तीचं रूप देणारे हैबतबाबा सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे. शिंद्यांच्या पदरी सरदारकी केलेला माणूस. लष्करी छावणी कशी पडते आणि कशी उठते हे त्यांना ठाऊक होतं. दिंड्यांचे क्रम, ठरलेले तळ, पहाटे उठून राहुट्या पाडायच्या आणि ट्रकनं पुढचा मुक्काम गाठायचा ही आजची रीत, या सगळ्यात ती छावणी अजून दिसते. माण आणि आटपाडीकडचे मेंढपाळ दिवाळीच्या आगेमागे घोड्यावर बिऱ्हाड लादून मेंढ्यांमागे निघतात, त्यांचं पाल रोज नव्या रानात पडतं. दसऱ्यानंतर बीड-नगरकडून कृष्णा आणि वारणेच्या खोऱ्यात येणारे ऊसतोड कामगार बांबू, चटया आणि पाचटाची कोपी एका दिवसात उभी करतात. त्यांच्यासाठी ती हौस नाही, हंगामभराचं घर आहे. पण या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी दिसते: मोडलेला भाग त्याच गावात बदलता येतो. बांबू कुठेही मिळतो. दुकानातला झटपट तंबू घेताना ही गोष्ट मनात ठेवावी.

आता दुकानाकडे वळू. झटपट तंबूंचे ढोबळ चार प्रकार मिळतात.

पहिला फेकायचा. पिशवीतून काढून हवेत सोडला की जमिनीवर पडेपर्यंत उघडलेला असतो. फ्रान्सच्या डेकॅथलॉन कंपनीनं २००५ साली केचुआ या नावाखाली 'टू सेकंड्स' तंबू आणला आणि हा प्रकार घरोघरी पोचला. त्यातली युक्ती तुमच्या गाडीत आधीपासून असेल: उन्हात काचेला लावायची ती चंदेरी जाळी. लवचीक कडी आठच्या आकड्यासारखी पिळली की तिची तीन छोटी वर्तुळं होतात आणि एकमेकांवर बसतात. सोडली की साठवलेला ताण तिला परत मोठी करतो. तंबूत हीच कडी मोठी असते. उघडायचं काम ताण करतो, घडी घालताना तो ताण परत भरायचं काम तुम्हाला करावं लागतं. म्हणून उघडणं दोन सेकंदांचं आणि घडी ज्याच्या त्याच्या सरावाची. शिवाय घडीचं ताट मोठं होतं. कुटुंबाच्या मापाच्या तंबूचं ताट परातीपेक्षा बरंच मोठं भरतं आणि लहान गाडीच्या डिकीत आडवं बसत नाही.

दुसरा छत्रीचा. वर मधोमध एक चाक, त्याला जोडलेल्या काड्या, प्रत्येक काडीला गुडघ्यासारखा सांधा. चाकाची दोरी ओढली किंवा सांधे एकेक करून दाबले की तंबू छत्रीसारखा फुलतो. सरावानंतर घडी सोपी, पण लांबट पडते. आमचा हाच होता. याचं दुखणं सांध्यात असतं. सांधा सहसा प्लास्टिकचा. तो तुटला तर साताऱ्याच्या बाजारात काय, पुण्यातही जोडीचा मिळणं कठीण.

तिसरा नळ्यांचा. कोपऱ्यातले पाय आधीच कापडाला जोडलेले, एकात एक सरकणारे. ते ओढून लांब करायचे. भिंती जवळजवळ उभ्या, आत माणूस सरळ उभा राहतो, आजी-आजोबांना वाकावं लागत नाही. पण उभ्या भिंतीवर वारा थेट आदळतो.

चौथा हवेचा. खांबांऐवजी जाड नळ्या, त्यांत पंपानं हवा भरायची. उभा राहतो झकास, वाऱ्यात वाकून परत सरळ होतो. मात्र जड असतो. दुपारच्या उन्हात नळीतली हवा प्रसरण पावते, तेव्हा थोडी सोडावी लागते. पहाटे थंडीत ती आकसते, तेव्हा परत भरावी लागते.

या चौघांच्या शेजारी जुना साधा घुमट उभा असतो. दोन काड्या एकमेकींना छेद देऊन ओवायच्या, टोकं कोपऱ्यात अडकवायची. पहिल्यांदा अर्धा तास, तिसऱ्यांदा दहा-बारा मिनिटं. काडी मोडली तर तेवढी काडी बदलायची. गाडीच्या छतावर बसवायचे तंबूही हल्ली दिसतात. त्यांच्या वाटेला जाण्याआधी गाडीची पुस्तिका काढून चालत्या गाडीच्या छतावर किती किलो चालतात ते पाहावं. बऱ्याच घरगुती गाड्यांचा आकडा वाटतो त्यापेक्षा लहान असतो.

यांतला कुठला घ्यावा हे तुम्ही तंबू कुठे लावणार त्यावर ठरतं. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत तीन तऱ्हेची जमीन आहे आणि तिन्हींचं मेखेशी वेगवेगळं वैर आहे.

पश्चिमेला सडा. पाचगणी, चाळकेवाडी, कासच्या भोवतालची पठारं म्हणजे जांभ्या दगडाचा पसरट तवा आणि त्यावर वीतभर माती, कुठे तीही नाही. इथे मेख जातच नाही. मेखांशिवाय निदान आकारात उभा राहणारा तंबू हवा, म्हणजे घुमट किंवा छत्रीचा. तणाव्यांची टोकं मोठ्या दगडांना बांधायची. दगड दोरीवर नुसता ठेवायचा नाही, दोरीचा त्याला वेढा द्यायचा.

पूर्वेला मुरूम. माण, खटाव, आटपाडी, जतकडच्या माळांवर वर दोन बोटं माती आणि खाली कडक मुरूम. तंबूबरोबर येणाऱ्या तारेच्या खुंट्या इथे वाकतात. लोहाराकडून किंवा हार्डवेअरच्या दुकानातून बोटाएवढ्या जाडीच्या, वीतभर लांब लोखंडी मेखा घ्याव्यात. वजन वाढलं तर वाढलं. बिऱ्हाड पाठीवर नाही, गाडीत आहे.

मध्ये काळी जमीन आणि धरणांच्या काठचा गाळ. मेख लोण्यात सुरी जावी तशी जाते आणि तशीच बाहेर येते. इथे जाडीपेक्षा लांबी आणि रुंदी महत्त्वाची: पन्हळीच्या आकाराची, फूटभर मेख. कुठल्याही जमिनीत मेखेचं डोकं तंबूपासून लांब कललेलं असावं आणि दोरी तिच्याशी साधारण काटकोन करावी. मेख उभी ठोकली की दोरी तिला उपसायला लागते.

वाऱ्याची गोष्ट मेखेला लागूनच येते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की तंबूवरचा दाब चौपट होतो. संध्याकाळच्या झुळकीत ताठ वाटलेला तंबू रात्री का लोळतो, याचं उत्तर या चौपटीत आहे. वारा कुठे असतो हे शोधायला आपल्याकडे फार डोकं लावावं लागत नाही. वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पठारावर, गुढे-पाचगणीवर, ढालगावच्या माळावर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. जिथे पातं फिरतं तिथे उभ्या भिंतींचा तंबू नेऊ नये. बुटका घुमट न्यावा, त्याची निमुळती बाजू वाऱ्याकडे करावी आणि कापडाला शिवलेले सगळे तणावे ओढावेत. दुकानात दाखवायला उभ्या केलेल्या तंबूला तणावे लावलेले नसतात, म्हणून आपल्यालाही ते शोभेचे वाटतात.

पावसाच्या बाबतीत सातारा जिल्हा म्हणजे एकाच घरातल्या दोन जावा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, आणि त्याच जिल्ह्यातल्या माणमध्ये पाचशेच्या आसपास. तंबूवर १५००, २०००, ३००० मिलिमीटर असे आकडे छापलेले असतात. ते पावसाचे नाहीत. कापडावर पाण्याचा स्तंभ उभा करायचा आणि तो वाढवत न्यायचा. खालून तीन थेंब झिरपले की त्या क्षणी स्तंभाची उंची जेवढी, तेवढा आकडा. हिवाळी सहलीला छताचं कापड १५०० ते २००० चं असलं तरी पुरतं. जमिनीच्या कापडाला मात्र ३००० च्या पुढचा आकडा हवा, कारण ओल्या जमिनीवर गुडघा टेकला की त्या जागी दाब कितीतरी वाढतो. आणि आकडा कितीही मोठा असला तरी शिवणीतून पाणी येतं. शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली आहे का ते हात फिरवून पाहावं.

आमच्या पहिल्या सहलीत पाऊस नव्हता, तरी सकाळी मुलांच्या पांघरुणांवर थेंब होते. तंबू गळतोय असं वाटलं. गळत नव्हता, आम्हीच गळत होतो. झोपलेल्या एका माणसाच्या श्वासातून आणि कातडीतून रात्रभरात पाव ते अर्धा लिटर पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. चौघांचं मिळून लिटरभर तरी धरा. ती वाफ थंड कापडाला लागून परत पाणी होते. म्हणून तंबू दोन कापडांचा हवा: आत हवा खेळणारं जाळीदार, बाहेर पाणी अडवणारं, मध्ये चार बोटं जागा. थेंब बाहेरच्या कापडाला धरतात आणि बाहेरच्या बाहेर ओघळतात. फेकायच्या स्वस्त तंबूंत बहुतेकदा एकच कापड असतं. आणि थंडी वाजते म्हणून वरचे जाळीचे झरोके बंद केले तर दोन कापडंही कामाची नाहीत. झरोके उघडे ठेवावेत, एक पांघरूण जास्त घ्यावं. शेगडी किंवा कोळसे आत घेण्याचा विचारही करू नये. जळणातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तो झोपेतच माणूस नेतो.

थंडीचंही एक गणित आहे. महाबळेश्वरात डिसेंबर-जानेवारीत 'दव गोठलं' अशी बातमी येते ती वेण्णा तलावाकाठून किंवा लिंगमळ्याकडून. बाजारपेठेत त्या रात्री तितकी थंडी नसते. निरभ्र रात्री जमीन उष्णता सोडत जाते, तिच्यालगतची गार हवा जड होऊन उतारानं खाली सरकते आणि खोलगट जागी तळं करून बसते. फोटो पाण्याकाठी चांगला येतो, झोप पाण्यापासून पंधरा-वीस फूट उंचावर चांगली लागते.

आता मापाचं. 'चार माणसांचा' म्हणजे चार माणसं एकमेकांना चिकटून, कुशीवर न वळता. माणशी साठ सेंटिमीटरच्या आसपास जागा. पिशव्या बाहेर, चपला बाहेर. चौघांच्या कुटुंबानं सहाचा घ्यावा. पण त्याआधी टेप घेऊन डिकीपाशी जावं. छत्रीच्या आणि नळ्यांच्या तंबूची घडी मीटर-सव्वा मीटर लांब असते आणि लहान गाडीच्या डिकीत चाकांच्या फुगवट्यांमध्ये तेवढी रुंदी बहुधा नसते. सीएनजीची टाकी असेल तर निम्मी डिकी आधीच गेलेली. अशा गाडीला काड्या सुट्या असलेला साधा घुमट सगळ्यात सोयीचा, कारण त्याची काडी दीड-दोन फुटांच्या तुकड्यांत दुमडते.

तंबूखाली अंथरायला वेगळं महागडं कापड घेऊ नये. हळद वाळवायला आणि बेदाण्याच्या शेडवर टाकायला सांगली-तासगावात ताडपत्री मीटरवर मिळते. तंबूच्या तळापेक्षा चारही बाजूंनी वीतभर लहान कापून घ्यावी. मोठी राहिली तर बाहेर आलेली कड पावसाचं पाणी झेलते आणि थेट आपल्या अंथरुणाखाली आणून सोडते. बेदाण्याच्या शेडची हिरवी जाळीही दुपारी तंबूवर वीतभर उंच ताणली की आतला उकाडा बराच उतरतो.

आणि तंबू लावायचा कुठे, हे घरीच ठरवून निघावं. कासचं पठार २०१२ पासून जागतिक वारशात आहे. फुलांच्या सड्यावर तंबू टाकायचा नसतो. वासोट्याला बामणोलीहून वनखात्याच्या परवानगीनं जाता येतं, पण किल्ला कोयना अभयारण्यात आहे आणि तिथे रात्रीचा मुक्काम चालत नाही. चांदोलीच्या आणि सागरेश्वरच्या जंगलातही आपल्या मनानं मुक्काम करता येत नाही. तापोळा-बामणोलीच्या बाजूला घरगुती मुक्कामाची सोय करणारे शेतकरी आहेत. विचारून, पैसे देऊन त्यांच्या शेतात राहावं. कऱ्हाड, पाटण, शिराळ्याकडे उसाच्या कडेला तंबू नको. उसात बिबट्याची मादी पिल्लं घालते हे तिथल्या पोरासोरांनाही माहीत असतं. खाण्याच्या पिशव्या रात्री गाडीत, काचा वर.

एवढं सगळं पाहून दुकानात गेलात की विक्रेता तुमच्यासमोर तंबू उघडून दाखवेल. तो उघडतोच. त्याला म्हणावं, आता घडी घाला. मग स्वतः एकदा घालून पाहावी आणि पिशवीत भरावी. पिशवीची चेन लागली की मगच किंमत विचारावी.

घरी आल्यावर शेवटचं काम उरतं, आणि सगळ्यात जास्त तंबू तिथेच मरतात. दवानं ओला झालेला तंबू तसाच माळ्यावर गेला की कापडाचा पाणीरोधक थर दमटपणानं फुटत जातो. वर्षभरानं उघडला तर चिकट लागतो आणि आंबूस वास मारतो; त्याला उपाय नाही. संध्याकाळी थकून आलो तरी तंबू आधी गच्चीवर दोरीला, दुसऱ्या दिवशी सावलीत उलटा-सुलटा, मग घडी.

आम्ही नवा तंबू घेतला नाही. जुन्यालाच वीतभराच्या लोखंडी मेखा घेतल्या, तणाव्यांना चांगली नायलॉनची दोरी लावली, आणि सांगलीत गच्चीवर तीनदा घडी घालायचा सराव केला. गच्चीवर मेखांच्या जागी पाण्यानं भरलेले डबे होते. पुढच्या हिवाळ्यात परत त्याच शेतात गेलो. तंबू दोन मिनिटांत उभा, मेखा धरून एकोणीस. धाकटी माझ्याबरोबर तरडगावला आली होती, तिनं डिकीतून सगळ्यात आधी हातोडा काढला, बापाच्या हातात दोरीचं टोक दिलं आणि म्हणाली, "माउली, तणावा ओढा."